जाईची भूमिका आणि तिच्या अभिनेत्री

लुइस कॅरोलच्या अ‍ॅलिसला भा. रा. भागवत यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या रूपांतरात मराठी नाव व मराठी घर दिले. वाचकापुरता प्रश्न तेथे मिटला. ही मुलगी रंगमंचावर कोणी व कशी उभी करावी, हा प्रश्न मात्र राहतोच. मूळ पुस्तक 1865 चे. 1871 च्या उत्तरभागात नायिका आपले वय नेमके साडेसात वर्षे सांगते. एवढ्या वयाच्या मुलीवर संपूर्ण नाटकाचा भार टाकावा, की मोठ्या नटीने लहान व्हावे? पाश्चात्त्यांनी दोन्ही मार्ग चोखाळले आहेत.

लंडनमध्ये 1886 च्या डिसेंबरात सॅव्हिल क्लार्क यांच्या संगीतिकेत फीबी कार्लो हिने, व 1888 च्या पुनःप्रयोगात आयझा बोमन हिने ही भूमिका केली. दोघीही कॅरोलच्या परिचयातील बालनटी होत. 1933 च्या पॅरामाउंट चित्रपटातील शार्लट हेन्री 19 वर्षांची होती. गॅरी कूपर, केरी ग्रँट यांच्यासारखे नामवंत नट मुखवटे व रंगभूषेखाली दडलेले, आणि उघडा चेहरा काय तो हिचा. तो चेहरा सारखा चकित होत राहतो, आणि तेथेच भूमिका फसते. अ‍ॅलिस ही केवळ चकित होणारी मुलगी नव्हे. ती ऐकते, पारखते आणि उलट विचारते.

हे मर्म जोनाथन मिलर यांच्या 1966 च्या बी. बी. सी. चित्रपटात अचूक पकडले गेले आहे. मिलर यांनी प्राण्यांची सोंगे काढूनच टाकली. उरली ती व्हिक्टोरियाकालीन पोशाखातील चिडखोर, आत्ममग्न प्रौढ माणसे. त्यांच्यामधून अ‍ॅन-मरी मॅलिक अलिप्तपणे, काहीशी घुश्श्यात वावरते. (या चित्रपटाचे संगीत रविशंकर यांचे आहे.) गोड दिसण्याचे तिने नाकारले, हेच तिच्या अभिनयाचे सामर्थ्य होय. याउलट टिम बर्टन यांच्या 2010 च्या चित्रपटात मिया वासिकोव्स्का हिच्या हाती तलवार येते, आणि प्रश्न विचारणारी मुलगी चारचौघींसारखी वीरांगना होऊन बसते.

मराठी बालरंगभूमीची वाट निराळी. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये ‘लिटल थिएटर’ स्थापिले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’त त्यांनी स्वतः साकारली ती चेटकीण. पुढे ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांच्या, आणि 2018 च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांच्या नावाशी जोडली गेली. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती चेटकीणच. मुलगी राहिली नाही.

तरीही जाईची सख्खी बहीण मराठी रंगभूमीला लाभलेली आहे, आणि तीही ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून पुढे आलेल्या अभिनेत्रीकडून. भक्ती बर्वे यांची 1975 च्या ‘ती फुलराणी’तील मंजुळा ही ती होय. पु. ल. देशपांडे यांचे हे नाटक शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले, तेव्हा कॅरोलशी त्याचा उघड संबंध नाही. पण अ‍ॅलिस पाठ केलेली कविता म्हणू लागते आणि शब्द भलतेच बाहेर पडतात. सुरवंट तिला ते चुकल्याचे सुनावतो व ती कोण आहे, हेही विचारतो. मंजुळेचा शुद्ध भाषेचा धडा याच जातीचा आहे. मोठ्यांच्या भाषेत आपण अशुद्ध ठरलो, हा अपमान भक्ती बर्वे विनोदात विरू देत नाहीत. त्यातूनच मंजुळेचा उलट प्रश्न उभा राहतो.

ही गोष्ट केवळ मुंबईच्या नाट्यगृहापुरती नाही. शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यातील मुलगी शाळेत पाऊल टाकते, ते घरची बोली घेऊन. पुस्तकातील कविता म्हणताना तिचे ‘न’ आणि ‘ण’ तपासले जातात. स्नेहसंमेलनात बोलकी भूमिका बहुधा जिचे उच्चार निर्दोष, तिच्याच वाट्याला येते. जाईसाठीही तशीच मुलगी निवडली, तर सुरवंटापुढच्या त्या प्रसंगात चुकण्याजोगे काही उरतच नाही.