पॉडकास्ट बघणाऱ्यांच्या काळात

जानेवारी २०२६मध्ये गोल्डन ग्लोबने पहिल्यांदाच पॉडकास्टला पुरस्कार दिला आणि तो एमी पोलरच्या ‘गुड हँग’ला मिळाला. पोलर मूळची इम्प्रोव्हची, म्हणजे हातात संहिता नसताना मंचावर उभं राहणाऱ्यांच्या परंपरेतली. मार्च २०२५मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात तिने एक छान युक्ती केली आहे. पाहुणा यायच्या आधी ती त्याच्या एखाद्या मित्राला किंवा सहकाऱ्याला व्हिडिओ कॉलवर गाठते आणि पाहुण्याला काय विचारू म्हणून सल्ला मागते. पाहुण्याच्या पाठीमागे चाललेली ही प्रेमळ कुजबुज पुष्कळदा मुख्य मुलाखतीपेक्षा सरस ठरते.

पुरस्काराबद्दल माझी तक्रार नाही, नामांकनांच्या यादीबद्दल आहे. सहा नावांपैकी एक सकाळच्या बातम्यांचं, एक आयुष्य सुधारण्याच्या सल्ल्यांचं. उरलेल्या चारांत बहुतेक वेळा एक प्रसिद्ध माणूस दुसऱ्या प्रसिद्ध माणसाला समोर बसवून गप्पा मारतो. टीव्हीवर हे गेली कित्येक दशकं चालू आहे. पॉडकास्टने विनोदात स्वतःचं म्हणून जे घडवलं होतं, त्याचा या यादीत मागमूस नाही.

ते काय होतं, हे समजायला ‘कॉमेडी बँग! बँग!’ ऐकावं लागतं. २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या इंडी १०३.१ या रेडिओवर ‘कॉमेडी डेथ-रे रेडिओ’ या नावाने स्कॉट ऑकरमनने तो सुरू केला. पुढच्या वर्षी त्याने जेफ उलरिकबरोबर ‘इअरवुल्फ’ हे पॉडकास्टचं जाळं उभारलं आणि तिथे हा कार्यक्रम खऱ्या अर्थाने वाढला. बाहेरून पाहिलं तर साधा मुलाखतींचा कार्यक्रम. ऑकरमन खऱ्याखुऱ्या नटाशी किंवा गायकाशी बोलत असतो. मग दार उघडतं आणि दुसरा पाहुणा येतो. हा पाहुणा अस्तित्वातच नसतो. कोणीतरी विनोदवीर एक पात्र होऊन आलेला असतो आणि पुढचा तासभर सगळे त्याला खरा मानून चालतात. ऑकरमन अत्यंत गंभीरपणे, जरा मठ्ठपणाचा आव आणून, त्याला तपशील विचारत जातो. गाव कोणतं? लग्न कधी झालं? मग मघाशी असं का म्हणालास? खोटं बोलणाऱ्याची उलटतपासणी हीच त्या विनोदाची जागा.

अँडी डेलीने साकारलेला डाल्टन विलकॉक्स हा या प्रकाराचा कळस. हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा काउबॉय कवी. गुरं, खोगीर, मोकळं माळरान यांच्यावर चारोळ्या ऐकवणारा, शब्द सावकाश उच्चारणारा सज्जन म्हातारा. पहिली काही मिनिटं आपण त्याच्या बेतास बात कवितांना हसतो. मग तो बोलता बोलता सांगतो की माळरानावर व्हॅम्पायर आणि तत्सम राक्षसांचा सुळसुळाट आहे आणि त्यांचा निकाल लावणं हेही त्याचं काम. तपशील येऊ लागतात, तसं ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की मेलेले राक्षस नसावेत, शेजारीपाजारी असावेत. कवी मात्र त्याच शांत सुरात बोलतोय. हा परिणाम डेली एका ओळीत साधत नाही, त्याला वीस मिनिटं लागतात. आधी त्या आवाजावर आपला विश्वास बसावा लागतो आणि नंतर तोच विश्वास आपल्याला गोत्यात आणतो. पॉल एफ. टॉम्पकिन्सचा अँड्रू लॉइड वेबर, लॉरेन लॅपकसची आगाऊ शाळकरी पोरं ही सगळी याच घराण्यातली.

त्याच कार्यक्रमात याच्या अगदी उलट्या टोकाचा एक प्रकार होता. हॅरिस विटल्स हा ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’चा लेखक. मंचावर नेण्याच्या लायकीचे नसलेले विनोद तो फोनमध्ये टिपून ठेवायचा आणि ‘फोम कॉर्नर’ नावाच्या भागात ते एकेक करून वाचायचा. आपल्याकडे ज्याला पीजे म्हणतात, त्याचा हा कारखाना. एक विनोद पडला की ऑकरमन कण्हायचा, बाकीचे शिव्या द्यायचे, हॅरिस स्वतःच खिदळायचा आणि निगरगट्टपणे पुढचा वाचायचा. पडलेल्या विनोदानंतरची ती खोलीतली दाद, म्हणजे दाद न देण्याची दाद, हाच खरा कार्यक्रम. फेब्रुवारी २०१५मध्ये हॅरिस गेला, तेव्हा तो अवघ्या तिशीत होता. ते भाग आज ऐकताना मला हसू येतं, पण मधल्या शांततेत मन अडकतं.

या सगळ्याची बीजं त्याआधी इंग्लंडमध्ये सापडतात. डिसेंबर २००५मध्ये ‘गार्डियन’ने रिकी जर्वेसचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यातला तारा जर्वेस ठरला नाही. तारा ठरला जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता कार्ल पिल्किंग्टन. तो ‘माकडांच्या बातम्या’ द्यायचा. अमुक ठिकाणी अमुक काम करणारा माणूस पुढे माकड निघाला, अशी हकिकत तो शपथेवर सांगायचा. मर्चंट वकिली पद्धतीने तिच्या चिंध्या करायचा आणि जर्वेस किंचाळत हसायचा. तिघांत एक भोळा, एक तर्कटी आणि एक हसणारा. आजही जगातल्या निम्म्या पॉडकास्टची वाटणी हीच आहे, फक्त भोळा खरा भोळा असेलच असं नाही.

मग पैसा आला आणि तो नावांच्या मागे गेला. कोनन ओब्रायनची ‘टीम कोको’ ही कंपनी २०२२मध्ये सिरियसएक्सएमने घेतली. बातम्यांत आकडा १५ कोटी डॉलरचा होता. ‘स्मार्टलेस’ या तीन नटांच्या कार्यक्रमाचा २०२४चा करार १० कोटींचा असल्याचं छापून आलं. ‘स्मार्टलेस’ची कल्पना फक्कड आहे. तिघांपैकी एकजण पाहुणा आणतो आणि उरलेल्या दोघांना तो कोण हे माहीतच नसतं. पहिली पाच मिनिटं त्यांची तारांबळ उडते, ती ऐकण्यासारखी असते. नंतर सगळे एकमेकांच्या सिनेमांची तारीफ करू लागतात आणि मी भांडी घासायला उठतो. कोननचं गणित वेगळं आहे. त्याच्या पॉडकास्टच्या भागांत पाहुणा येण्याआधी आणि गेल्यानंतर त्याची सहायक सोना मोवसेसियन आणि निर्माता मॅट गोर्ली यांच्याशी जी खडाजंगी चालते, तिच्यासाठी लोक ऐकतात. आपण ऑफिसात फारसं काम करत नाही, हे सोना बॉसच्या तोंडावर सांगते. त्यावर कोनन जो थयथयाट करतो, त्यात त्याची टीव्हीवरची सगळी वर्षं वसूल होतात. कितीही मोठा तारा मधे येऊन बसला तरी तो इथे उपराच वाटतो.

ज्याच्यामुळे मुलाखतीचा पॉडकास्ट हा प्रकार रुळला, तो मार्क मॅरन मात्र थांबला. त्याचा ‘डब्ल्यूटीएफ’ २००९मध्ये सुरू झाला. त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये २०१५ साली बराक ओबामा येऊन बसले आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सोळाशेहून अधिक भागांनंतर शेवटचे पाहुणेही ओबामाच होते. मॅरन चांगला मुलाखतकार होता की नाही, यावर वाद घालता येईल. तो स्वतःबद्दल फार बोलायचा. पण समोरच्याच्या उत्तराने तो दुखावला जायचा, चिडायचा, गोंधळायचा. हल्लीच्या यजमानांना असं काही होत नाही. ते सगळ्याला ‘वॉव’ म्हणतात.

कॅमेऱ्याचा मुद्दा इथे येतो. यूट्यूबने २०२५च्या सुरुवातीला सांगितलं की त्यांच्याकडे महिन्याला १०० कोटी लोक पॉडकास्ट बघतात. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने स्पॉटिफायशी करार करून व्हिडिओ पॉडकास्ट आपल्याकडे ओढले. यात धंदा आहे, सोय आहे, जाहिरातदाराला दिसणारा चेहरा आहे. पण डाल्टन विलकॉक्सला कॅमेऱ्यासमोर बसवा. तिथे आपल्याला दिसतो हेडफोन लावलेला, चष्मा घातलेला एक मध्यमवयीन नट. त्याचं माळरान गेलं, त्याची टोपी गेली. खोटं पात्र उभं करायला ऐकणाऱ्याची कल्पना कामाला लावावी लागते आणि कॅमेरा तिला सुट्टी देतो. साहजिकच कॅमेऱ्यापुढे टिकतो तो ज्याचा चेहरा आधीच ओळखीचा आहे असा पाहुणा. पात्रांचा विनोद मागे पडून ताऱ्यांच्या गप्पा पुढे आल्या, त्यामागे रुचीचा ऱ्हास वगैरे काही नाही. मांडणीच बदलली आहे.

क्लिपने उरलंसुरलं काम केलं. वीस मिनिटांनी फुटणारा विनोद नव्वद सेकंदांत कापता येत नाही. म्हणून यजमान आता कापता येईल असंच बोलतात. मुंबईत फेब्रुवारी २०२५मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’वरून जे रण माजलं, तो कार्यक्रम पॉडकास्ट नव्हता आणि ज्या अश्लील प्रश्नावरून ते माजलं, तो भिकारच होता. पण एका क्लिपवरून पोलीस तक्रारी, सर्वोच्च न्यायालय आणि सगळे भाग यूट्यूबवरून उतरवणं इथवर गाडी गेली. त्यानंतर माइकसमोर बसलेला प्रत्येक विनोदवीर मनातल्या मनात कात्री चालवणार हे उघड आहे. गंमत म्हणजे एआयबी या विनोदी गटाची सुरुवात २०१२मध्ये तन्मय भट आणि गुरसिमरन खंबा यांच्या पॉडकास्टनेच झाली होती. तेव्हा ते फक्त ऐकू येत होते.

सगळंच बिघडलंय असं मात्र नाही. इंग्लंडमधला ‘ऑफ मेन्यू’ २०१८पासून एकाच कल्पनेवर चालतो आणि अजून शिळा झालेला नाही. एड गॅम्बल हा स्वप्नातल्या रेस्तराँचा मालक, जेम्स एकास्टर हा दिव्यातून निघालेला जिन आणि तोच वेटर. पाहुण्याने आपलं आयुष्यातलं सर्वोत्तम जेवण सांगायचं. पाणी साधं की सोडा घातलेलं, हे सभ्यपणे विचारून होतं आणि मग एकास्टर अचानक बेंबीच्या देठापासून ओरडतो: पापड की ब्रेड? इंग्लंडातल्या देशी हॉटेलांनी जेवणाआधी पापड ठेवायची जी चाल पाडली, तिचा हा विनोदी सन्मान. पानात डावीकडे पापड वाढणाऱ्या आपल्या माणसाला यात ब्रेडचा प्रश्न येतोच कुठे, असं वाटेल. पण त्या ओरडण्याने पाहुणा दचकतो आणि दचकलेला माणूस ठरवून आणलेले किस्से विसरतो. त्यांच्या एका गुप्त पदार्थाचं नाव पाहुण्याने घेतलं, तर त्याला जेवणाविना हाकलायचं असाही नियम आहे. नियम जितके बावळट, तितकी माणसं मोकळी होतात.

पॉप कल्चरवरच्या गप्पांत ‘लास कल्चरिस्टास’मधला एक प्रकार मला याच कारणाने आवडतो. मॅट रॉजर्स आणि बोवेन यांग घड्याळ लावतात आणि एका मिनिटात कुठल्या तरी क्षुल्लक गोष्टीवर संतापून दाखवतात. वेळ संपत आली की तर्क सुटतो आणि भाषेला धार चढते. ‘हाऊ डिड धिस गेट मेड?’ २०१०पासून भिकार सिनेमांची चिरफाड करतो आणि त्याच सिनेमांना पाच तारे देणाऱ्या प्रेक्षकांची मतं मनापासून वाचून दाखवतो. ज्यांनी मित्रांबरोबर मिथुनचा ‘गुंडा’ पाहिला आहे, त्यांना हे प्रेम वेगळं समजावून सांगायला नको.

मराठीकडे वळताना मला थोडा राग येतो, कारण कानाने हसणं आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी नुसत्या आवाजांवर एक मध्यमवर्गीय घर उभं केलं. त्यातले टेकाडे भाऊजी दिसतात कसे, याची फिकीर कुणाला नव्हती. पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेट घासून जाईपर्यंत वाजवलेली घरं अजून आहेत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न पात्रं करायचे. एका गळ्यातून आख्खं गाव बाहेर काढणं आपल्याकडे कौतुकाचं होतं, नवलाचं नव्हतं.

तरी मराठी पॉडकास्ट बहुतांशी जन्मला तो थेट कॅमेऱ्यासमोर आणि मुलाखत म्हणूनच. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांच्या ‘अमुक तमुक’ने लैंगिकता, नाती, मनाचे आजार हे विषय घरात बोलता येतील इतके सोपे केले. ते मोलाचं काम आहे. सौमित्र पोटे यांचा ‘मित्रम्हणे’ नाटक-सिनेमातल्या माणसांना निवांत बोलू देतो. ‘व्हायफळ’च्या गप्पा हलक्या, घरगुती. या सगळ्यांत हशा पिकतो, पण हसवण्यासाठी रचलेलं असं त्यात काही नसतं. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ गेले ते अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी, त्यांच्या ‘कास्टिंग काऊच’मध्ये. खऱ्या ताऱ्यासमोर दोन आचरट, अर्धवट यजमान बसवून त्यांनी मुलाखत या प्रकाराचीच टर उडवली. पॉडकास्टचा बोलबाला व्हायच्या आधीची ही गोष्ट. तो धागा पुढे कुणी नेला नाही.

यात टीकाकारांचाही वाटा आहे. अमेरिकेत ‘ए. व्ही. क्लब’च्या ‘पॉडमास’ या सदरात आठवड्यातल्या निवडक भागांवर लिहिलं जायचं. कार्यक्रमावर नव्हे, भागावर. अमुक भागातला दुसरा पाहुणा कुठे जमला, कुठे लांबला, याची नोंद होई. आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगावर लिहितात, मालिकेवर निदान कुरकुरतात. पॉडकास्टच्या भागाबद्दल फक्त किती लोकांनी पाहिला एवढंच बोललं जातं. सव्वादोन तासांच्या गप्पांतला पाऊण तास कापायला हवा होता, हे सांगणारं कुणी नसेल, तर कापायचं कशाला?

आणि कलाकार तर आहेतच. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने इतकी बोलीभाषा, इतके हेल, इतकी विक्षिप्त पात्रं तयार केली आहेत की दहा पॉडकास्ट सहज चालावेत. त्यातली मंडळी पॉडकास्टवर येतात, तेव्हा त्यांना संघर्ष विचारला जातो, मुंबईत पहिली खोली कुठे घेतली हे विचारलं जातं, आईबद्दल विचारलं जातं, डोळे पाणावतात आणि त्याच क्षणाची क्लिप होते. नम्रता संभेराव यांची ‘हास्यजत्रे’तली लॉली स्वतः पाहुणी म्हणून येऊन बसली आहे, समोरचा यजमान चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता तिच्या भूतकाळाची उलटतपासणी घेतो आहे आणि पडद्यावर काहीच दिसत नाही, असा भाग मला तरी अजून ऐकायला मिळालेला नाही.