जडत्व-संवेदकांची भूपरीक्षा आणि जमिनीचे कंपन

अंतराळयानात बसवावयाच्या जडत्व-संवेदकाची परीक्षा पृथ्वीवर करताना ‘कंपन शंभरपट घटविले’ असा दावा केला जातो, तेव्हा कोणत्या आवर्तकालाचे कंपन हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. त्याच्या उत्तरावाचून तो आकडा निरर्थक होय.

पनवेलचेच उदाहरण घ्यावे. कळंबोलीपाशी सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गावरील अवजड वाहनांमुळे जमीन सेकंदाला अनेक वेळा हादरते. स्प्रिंगांवर तोललेले मेज या हादऱ्यांचा बंदोबस्त करू शकते. पावसाळी समुद्राचे सूक्ष्मकंप मात्र काही सेकंदांच्या आवर्तकालाचे असतात. सु. कु. बॅनर्जी यांनी १९३० मध्ये या कंपांचा संबंध भारतीय समुद्रांवरील वादळी हवेशी जोडून दाखविला. इतरांचा उपद्रव हाच त्यांचा अभ्यासविषय ठरला, हे विशेष. हे कंप अडविण्यास निदान १० सेकंद आवर्तकालाचा लंबक हवा. त्याची लांबी सुमारे २५ मीटर भरते. गुरुत्वतरंगांच्या वेधासाठी योजलेल्या ‘लिसा’ प्रकल्पास तर १,००० सेकंदांच्या आसपासच्या हालचालींशी कर्तव्य आहे. तितक्या आवर्तकालाचा साधा लंबक सुमारे २४८ किलोमीटर लांबीचा होईल!

शिवाय इतक्या संथ हालचालींत खरा शत्रू हादरा नसून कल हा आहे. जमीन एका रेडियनच्या अब्जांशाने कलली, तरी गुरुत्वाचा तेवढाच अंश आडव्या दिशेने पिंडावर येतो; आणि अपेक्षित अचूकतेपुढे तो अवाढव्य असतो. मेज कितीही मऊ केले तरी ही अडचण सुटत नाही, उलट मऊ मेज स्वतःच कलू लागते.

म्हणून इटलीतील त्रेंतो विद्यापीठाने स्वीकारलेला मार्ग अधिक विचारपूर्वक वाटतो. तेथे पिंड बारीक तंतूला टांगून केवळ तंतूचा पीळ मोजला जातो. जमिनीच्या सरळ हालचालीने पीळ सहसा पडत नाही. कलाचा जो थोडा परिणाम उरतो तो वेगळा मोजून वजा करता येतो. येथे कंपन घटविलेले नाही. ज्या दिशेला ते पोहोचत नाही त्या दिशेने मापन केले आहे. तथापि या रीतीने मिळते ती संवेदकातून उद्भवणाऱ्या बलांची कमाल मर्यादा. तीवरून यंत्राची संपूर्ण गुणवत्ता सिद्ध झाली असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. डिसेंबर २०१५ मध्ये उडालेल्या ‘लिसा पाथफाइंडर’ने अवकाशात जी शांतता अनुभवली, ती जमिनीवर दाखविता आली नव्हती.

पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था ज्या परंपरेची वारस आहे, तिने उपद्रवावर तिसराच उपाय योजला होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आल्या. आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी व नवी मालिका जुळविण्यात आली. जडत्व-संवेदकाच्या बाबतीत अशी जुळणी संभवत नाही, कारण एकच यंत्र एकाच वेळी जमिनीवर आणि कक्षेत असू शकत नाही.