रक्षण कोणाचे?

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील समर्थ औषध होय. परंतु त्याचे सामर्थ्य अर्बुदापुरते मर्यादित राहत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन चाचण्यांतील रुग्णांच्या विश्लेषणानुसार, शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम औषध दिले गेल्यावर सुमारे ५ टक्के, ५५० नंतर २६ टक्के आणि ७०० नंतर ४८ टक्के रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागते. यकृतावर तर दुहेरी भार पडतो. औषधाचा निचरा मुख्यतः यकृतातून पित्तावाटे होतो. म्हणून यकृत विकल झाल्यास मात्राच कमी करावी लागते. या दोन अवयवांचे रक्षण करणारे द्रव्य शोधण्याचा हेतू सर्वथा स्तुत्य आहे. आक्षेप आहे तो शोधाच्या रूढ रीतीवर.

निरोगी उंदरांना काही दिवस वनस्पतीचा अर्क द्यावयाचा, मग डॉक्सोरुबिसिनची एकच मोठी मात्रा टोचावयाची, रक्तातील एन्झाइमे मोजावयाची आणि आकडे खाली आले की अर्कास 'रक्षक' ही पदवी बहाल करावयाची, अशी ही रीत आहे. मोठ्या जातीच्या उंदरास दर किलोग्रॅमला २० मिलिग्रॅम मात्रा दिली, तर ती शरीरपृष्ठाच्या मापाने १२० मिलिग्रॅम भरते. रुग्णास बहुधा ६० ते ७५ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने, मिळतात. आणि त्याचे हृदय खचते ते अनेकदा महिन्यांनी वा वर्षांनी. तेव्हा चार दिवसांच्या विषबाधेवरून त्या दीर्घ विकाराविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरते.

याहून गंभीर दोष असा की, त्या उंदराला कर्करोग नसतोच. जे द्रव्य हृदयपेशीस वाचवते ते अर्बुदपेशीसही वाचवील काय, हा मूळ प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. शिवाय अर्कामुळे औषधाचे शोषण, रूपांतर वा उत्सर्जन बदलून रक्तातील त्याचे प्रमाणच घटले असेल, तर ते रक्षण नव्हे. ती आडवाटेने केलेली मात्राकपात होय. औषधाची रक्तपातळी न मोजता हा भेद कळणे अशक्य आहे.

इतिहासही सावधगिरीच शिकवितो. ई जीवनसत्त्व उंदराच्या हृदयास वाचविते, असे १९७७ साली दिसले. त्या प्रयोगात अर्बुदावरील परिणामही तपासला होता. तरीही १९८२ साली रुग्णांत ते निष्फळ ठरले. डेक्स्राझोक्सेन मात्र रुग्णांत टिकले व १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले. ते लोह बांधून हृदय राखते, अशी समजूत दीर्घकाळ होती. २०१२ साली, हृद्स्नायूतून टोपोआयसोमरेज-दोन-बीटा हे एन्झाइम काढून टाकलेले उंदीर या विकारापासून बचावले, तेव्हा त्या समजुतीस हादरा बसला. त्याआधी १९९७ साली एका चाचणीत अर्बुदाचा प्रतिसाद घटल्याची शंकाही या औषधावर आली. पुढील एकत्रित विश्लेषणांत ती टिकली नाही. सिद्ध रक्षकासही ज्या कसोटीतून जावे लागले, तीतून नव्या अर्कास सूट देण्याचे कारण नाही.

यास्तव अर्बुदयुक्त प्राण्यांचा गट, औषधाची रक्तपातळी व विभागून दिलेल्या मात्रा ही प्रबंधाची भूषणे नव्हेत, पूर्वअटी होत. त्या पाळल्या नाहीत तर 'रक्षक' हा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडतो, उपचार चालू असलेला रुग्ण विश्वासाने तो अर्क घेऊ लागतो, आणि रक्षण कोणाचे झाले, त्याचे की त्याच्या अर्बुदाचे, हे सांगण्यास कोणीच समर्थ नसतो.