नाबोथाचा मळा : 'वतन' या शब्दाच्या निमित्ताने

बायबलातील ईश्वरी न्यायाची चर्चा बहुधा ईयोबापाशी सुरू होऊन तेथेच संपते. पहिल्या 'राजे' या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायाकडे त्यामानाने दुर्लक्ष होते. मुळशीचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास मात्र हा अध्याय परका वाटणार नाही. अहाब राजा नाबोथास मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ करतो. व्यवहार म्हणून त्यात खोट नाही. तरीही नाबोथ नकार देतो. १९२१ साली बापट-भुस्कुट्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणास विरोध केला, तेव्हाही मोबदल्याचाच युक्तिवाद पुढे आला, आणि पुण्यातील अनेक सावकारांना तो पटला. ईजबेलीला खोटे साक्षीदार उभे करावे लागले. मुळशीत १८९४ चा भूसंपादन कायदा पुरेसा ठरला.

नाबोथाच्या तोंडी 'नहला' हा शब्द आहे. मराठी बायबलात या कल्पनेसाठी 'वतन' हा शब्द रूढ झाला. तो भारदस्त खरा; पण मराठी परंपरेत वतनास सेवा आणि राजसत्तेची मान्यता चिकटलेली असून ते जप्तही होते. राजमान्य वस्तू राजास नाकारणे हा मग उद्दामपणाच ठरतो. लेवीय २५ नुसार भूमी परमेश्वराची असून ती कायमची विकता येत नाही. राजाचा तेथे संबंधच नाही. 'मिरास' हा शब्द या अर्थाच्या अधिक जवळ गेला असता.

त्यास आणखीही एक कारण आहे. एलीया अहाबावर आरोप करताना 'याराश' हे क्रियापद योजतो. 'वारस' आणि 'मिरास' हे शब्द ज्या अरबी धातूपासून आले, त्याचाच तो हिब्रू भाऊबंद होय. वारसा मिळणे आणि दुसऱ्यास हुसकून घेणे, हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. खून करून अहाब मयताचा जणू वारस झाला, हा त्यातील उपरोध नुसत्या 'ताबा' या शब्दाने नाहीसा होतो.

पुढे अहाब नमतो, म्हणून शिक्षा पुत्राच्या काळावर ढकलली जाते. योरामाचे प्रेत त्याच शेतात फेकले जाते. येथे न्याय पूर्ण झाला असे मानणारे भाष्यकार घाई करतात. दुसऱ्या 'राजे' ग्रंथाच्या नवव्या अध्यायात नाबोथाच्या पुत्रांच्याही रक्ताचा उल्लेख आहे. म्हणजे अपराध्याच्या कुळास शासन झाले, परंतु मिरास परत घेण्यास मिरासदाराचे घर उरले नव्हते. ते शेत पुढे कोणी कसले, याविषयी निवेदक मौन पाळतो.