‘जलसमाधी’ : एका रूपकाची मर्यादा

जहाज बुडाले की त्यास ‘जलसमाधी मिळाली’ असे लिहिण्याचा मराठी गद्यात प्रघात आहे. समाधी म्हणजे निश्चल, अविकृत अवस्था. उथळ पाण्यातील अवशेषांना हे रूपक लागू पडत नाही. गोव्याच्या समुद्रातील सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुड्या मारून शोध घेतला, तेव्हा सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराशी निगडित तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व चिनी मृत्पात्रांचे तुकडे मिळाले. लाकडी सांगाडा मात्र मिळाला नाही. याउलट, १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये बहुतांशी अखंड वर काढता आले; कारण बाल्टिकच्या थंड, अल्पक्षार पाण्यात लाकूड पोखरणारा किडा तग धरीत नाही. तेव्हा जहाजाचे काय उरावे, हे पाण्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. उथळ जागी लाटा वस्तू हलवितात आणि हौशी पाणबुड्याने उचललेल्या एका खापराबरोबर त्याचा स्थानसंदर्भही नाहीसा होतो. हा चालू विनाश ‘समाधी’ या शब्दाने झाकला जातो. ‘भग्नावशेष’ हा शब्द रुक्ष खरा; परंतु पुराव्याची निष्ठा त्याच्याच ठायी अधिक आहे.