आलेख आणि अहवाल यांमधील सांधा : एक चिकित्सा

मोठ्या उद्योगसंस्थांतील प्रचलित अहवाल प्रणालीस आलेखांची नवी साधने जोडणे हा केवळ तांत्रिक प्रश्न मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रामुख्याने अर्थनिश्चितीचा प्रश्न आहे. या दृष्टीने ‘एक्सेल्सियस’ या साधनाचे उदाहरण उद्बोधक ठरते.

१९९० साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ‘बिझनेस ऑब्जेक्ट्स’च्या प्रणालीचे खरे सामर्थ्य ‘युनिव्हर्स’ या मधल्या स्तरात होते. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय, परत आलेला माल तीतून वजा करावयाचा की नाही, याची व्याख्या तेथे एकदाच केली जाते. त्यामुळे दोन विभागांचे अहवाल एकाच अर्थाने बोलतात. २००५ मध्ये या कंपनीने एक्सेल्सियस आपल्याकडे घेतले आणि २००८ मध्ये ती स्वतःच एसएपीच्या ताब्यात गेली.

एक्सेल्सियसचे आलेख मोहक होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या पोटात एक्सेलचा तक्ता होता. युनिव्हर्समधील आकडे वेब सेवेमार्फत त्या तक्त्यात येत व त्यावरून आलेख निघे. आकडा येई, व्याख्या मागे राही. तक्त्यातील सूत्र कोणी बदलल्यास मूळ प्रणालीस त्याची वार्ताही नसे. शिवाय ओळींची पूर्वनिर्धारित मर्यादा ५१२ होती. ती वाढविता येई. पण ज्यास ती ठाऊक नसे, त्याचा आलेख अपुऱ्या माहितीवर उभा राहूनही परिपूर्ण दिसे. छापील अहवालात निदान बेरीज ताडून पाहता येते.

आमच्या महाविद्यालयातही एकदा प्रवेशसंख्येचा सुबक आलेख समितीपुढे ठेवला गेला. त्यात रद्द झालेले प्रवेश मोजले होते, हे कार्यालयीन नोंदवही उघडल्यावरच कळले. आलेखावर कोणीही शंका घेतली नव्हती!

एक्सेल्सियसचे डॅशबोर्ड फ्लॅशवर अवलंबून होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. अहवाल प्रणाली राहिली, आलेख गेले.

मधला स्तर टाळून साधन थेट डेटाबेसला जोडावे, असा युक्तिवाद केला जातो. त्याने वेग वाढेल. परंतु प्रत्येक विश्लेषकास ‘निव्वळ विक्री’ पुन्हा ठरवावी लागेल. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये पॉवर बीआयमधील ‘डेटासेट’चे नामकरण ‘सिमँटिक मॉडेल’ असे केले, हे येथे लक्षणीय आहे. टाळू पाहिलेला स्तरच नव्या नावाने परतला आहे.