खोडलेला आकडा आणि रायफलीची किंमत

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत सैन्याची मोसिन-नागां रायफल. मूळ आराखडा १८९१ चा, १९३० साली सुधारलेला, म्हणून संग्राहक तिला '९१/३०' म्हणतात. अमेरिकेत, युरोपात ती जमवणारे पुष्कळ लोक आहेत. आणि त्यांच्यात एक निवाडा पक्का होऊन बसलाय: युद्धानंतर शस्त्रागारात ओव्हरहॉल झालेली रायफल म्हणजे दुय्यम माल. बाजारभाव म्हणून हा निवाडा मला समजतो. पण इतिहासाचा निवाडा म्हणून तो चुकीचा आहे, आणि त्यापायी पुरावे नष्ट होताहेत. आज एवढंच मांडायचं आहे.

आधी ओव्हरहॉलमध्ये काय व्हायचं ते बघू. युद्ध संपल्यावर सैन्याकडच्या रायफली शस्त्रागारांत आल्या. तिथं त्या पूर्ण सोडवल्या. नळ्या तपासल्या, लोखंड पुन्हा काळं केलं. लाकडी दस्त्याचा टवका उडाला असेल, तर तेवढीच जागा कापून तिथं नव्या लाकडाचं ठिगळ बसवलं आणि वरून लाखेचं लालसर रोगण दिलं. मग जोडणी. आता गंमत बघा. बोल्ट, मॅगझिनची तळपट्टी, दस्त्यामागची लोखंडी पट्टी, प्रत्येकावर आपापल्या जुन्या रायफलीचा आकडा. कारागिरानं काय केलं? जुना आकडा घासला किंवा रेघ मारून खोडला, आणि नळीवरचा आकडा त्याच्या शेजारी ठोकला. कधी विजेच्या लेखणीनं कोरला. चौकोनात तिरकी रेघ असा ओव्हरहॉलचा शिक्का पुष्कळ रायफलींवर दिसतो. शेवटी ग्रीस थापून पेटीत बंद.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर या पेट्या परदेशी बाजारात आल्या. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शंभर डॉलरच्या आतबाहेर अशी रायफल सहज मिळायची. आज तिला कित्येक पट मोजावे लागतात. वस्तू तीच आहे, आवक आटली. २०२१ साली अमेरिकेनं रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवानेही थांबवले. म्हणजे भाव वाढला तो पुरवठ्यामुळे. वस्तूबद्दल आपल्याला काही जास्त कळलं म्हणून नव्हे.

आता संग्राहकाचा निकष. 'सगळे आकडे मुळातले जुळले पाहिजेत.' हा निकष खरा शोभतो तो जर्मन रायफलींना. सोव्हिएत रायफलीला तो तसाच लावला की आपण तिला दुसऱ्याच परीक्षेत नापास करतो. आणि या निकषाशी संग्राहक स्वतः तरी प्रामाणिक आहेत का? फिनलंडकडे बघा. फिनलंडनं याच जातीच्या रायफली बांधल्या, पण त्यांचा गाभा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, स्वतः कधी घडवला नाही. जुन्या रशियन रायफलींचा घेतला, त्यावर आपली नळी, आपला दस्ता चढवला. म्हणजे हीसुद्धा जोडजुळवणीच की! पण फिनिश रायफलीला संग्राहक कौतुकानं जास्त पैसे देतात. एकाच्या जोडणीला परंपरा म्हणायचं आणि दुसऱ्याच्या जोडणीला भेसळ, हे टिकणारं तर्कशास्त्र नाही.

बरं, ओव्हरहॉलनं सगळं पुसलं का? नाही. १९४२-४३ मधल्या रायफली हातात घेतल्या की यंत्राच्या पात्याचे ओरखडे बोटाला लागतात. जर्मन सैन्य जवळ आलं तेव्हा, १९४१ च्या शेवटी, तुला शहरातल्या शस्त्र कारखान्याचा मोठा भाग पूर्वेकडे हलवावा लागला, आणि रायफलींचा मुख्य भार इझेव्हस्कवर पडला. पॉलिश करायला वेळ कुणाला होता? ती घाई लोखंडावर राहिली, आणि शस्त्रागारानंही ती गुळगुळीत करत बसण्याचा खटाटोप सहसा केला नाही. खाली १९४२ ची घाई, वर शांततेच्या काळातला हिशेबीपणा. दोन्ही थर एकाच वस्तूवर वाचता येतात.

आता मुद्दा नुकसानीचा. ओव्हरहॉल म्हणजे कमीपणा, असं ठरलं की लोक तो लपवायला लागतात. कुणी लाखेचं रोगण खरवडून काढतो, कुणी शिक्का घासतो, 'युद्धातल्यासारखी' दिसावी म्हणून. खोटेपणा इथंच सुरू होतो. स्नायपर रायफलींचं तर विचारू नका. युद्धानंतर अनेक स्नायपर रायफलींची दुर्बीण काढून, तिच्या बैठकीची भोकं बुजवून त्या साध्या रायफली केल्या गेल्या. ती बुजवलेली भोकं म्हणजे पुरावाच. आज ती पुन्हा उघडायची, नवी बैठक बसवायची आणि 'अस्सल स्नायपर' म्हणून विकायची, असे प्रकार होतात. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळाचा दगड रंगवून टाकतात ना, त्यातलंच हे. फक्त इथं दामही चढा लागतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओव्हरहॉल न झालेली रायफल खरोखर दुर्मीळ आहे. सैनिकानं परदेशातल्या रणांगणावरून घरी आणलेली, सोबत कागद असलेली रायफल तर फारच. तिला जास्त किंमत मिळाली तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुर्मिळतेला अस्सलपणा समजण्याबद्दल. शस्त्रागारातून आलेली रायफलही अस्सलच आहे. ती अस्सल ओव्हरहॉल केलेली रायफल आहे.

मग किंमत करताना विचारायचं काय? नळीवर कारखाना आणि साल कोणतं. ओव्हरहॉलच्या खुणा शाबूत आहेत का. शस्त्रागारातून बाहेर पडल्यावर कुणी हात फिरवलाय का. आणि सांगितली जाणारी कहाणी कागदावर आहे की फक्त विक्रेत्याच्या तोंडी. नळीवर १९४२ आहे म्हणून रायफल स्टालिनग्राडला होती, असं होत नाही. त्याच वर्षीची रायफल लेनिनग्राडला गेली असेल, अतिपूर्वेला गेली असेल, कोठारातही पडून राहिली असेल. व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात वासिली झायत्सेवची रायफल त्याच्या नावानिशी जपून ठेवली आहे. पेटीतल्या रायफलीला असं नाव नाही. ज्या व्यवस्थेनं बोल्ट ढिगात टाकले, तिच्या लेखी कुठला बोल्ट कुणाच्या हातात होता याला महत्त्व नव्हतं.

म्हणून तो खोडलेला आकडा मला मोलाचा वाटतो. तो सांगतो की हा बोल्ट आधी दुसऱ्या रायफलीत होता, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. तो माणूस कोण, वाचला की गेला, हे रायफल सांगू शकत नाही. आपणही तिच्या तोंडी घालू नये. रेघेखालचा आकडा अजून वाचता येतो, तो तसाच राहू द्यावा.

आता प्रश्न घेऊ या.